गोव्याची लाल आणि खारा बांगडा

कळशीच्या गळ्याला बांधलेला दोर हातातून सावकाश सोडत आत्माराम विहिरीत वाकला होता. कळशीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक बाटली होती. कळशी पाण्याला टेकली, कलती होऊन भरली आणि बाटली गळ्यापर्यंत बुडाली, तसा त्यानं दोर कठड्यावरच्या खुंटाला बांधला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. साडेपाचला बाहेर काढायची, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही.

विहीर दोन घरांत मिळून एक. पलीकडच्या बाजूला जनी राहाटावर पाणी ओढत होती. तिची सून राही बारा दिवसांची बाळंतीण होती, त्यामुळे जनीला दिवसभर पाण्याची ओढ. दुपट्यांची बादली पायाशी ठेवून तिनं विचारलं, "आज कशाबरोबर?"

"कोंबडी."

"कोंबडी मागं झाली ना वो भावजी?"

"ती रश्शाची होती. ही सुकी. नुसती मिरी घालून."

जनीनं समजल्यासारखी मान हलवली. न समजलेल्या गोष्टीलाही मान हलवायची, हे ती या घराच्या शेजारी राहून शिकली होती. आणि खरं सांगायचं तर शहाऐंशी साल संपत आलं तरी आत्मारामचं काय चाललंय हे आरे गावात कोणालाच नीट कळलं नव्हतं. गावात दारू पिणारे होते, चोरून पिणारे होते, सोडून दिलेले होते. पण बाटली विहिरीत सोडून घड्याळ लावणारा आणि मग तिच्यातला जेमतेम एक पेला घेऊन वहीत काहीतरी लिहिणारा असा हा एकच होता.

गाव त्याला बटलर म्हणायचा. तो बटलर कधीच नव्हता. मुंबईच्या एका कंपनीच्या मालवाहू बोटींवर एकतीस वर्षं त्यानं सलूनमध्ये, म्हणजे कप्तान आणि अधिकारी जिथं जेवतात त्या खोलीत, वाढप्याचं काम केलं. बटलर होता कायतान, सासष्टीचा गोंयकार, त्याचा वरिष्ठ. पण गावाला एवढ्या बारकाव्याची गरज वाटली नाही. सुटीवर आलेला जो माणूस चहा देताना कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताला येईल असा फिरवून ठेवतो, तो बटलर नाही तर कोण?

वाईनचं सगळं त्याला कायताननं शिकवलं. माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल, हे तर पोरासोरांनाही कळतं, असं कायतान म्हणायचा. त्याचं खरं शिक्षण पुढं सुरू व्हायचं. महाग वाईन एकटी बसू शकते, स्वस्त वाईनला सोबत लागते, हे त्याचं आवडतं वाक्य. सोबत चुकली की ती बिचारी उघडी पडते. सोबत जमली की कोणी तिची किंमत विचारत नाही.

जेवणाच्या शेवटी साहेबलोक गोड लाल पोर्ट घ्यायचे आणि तिच्याबरोबर निळ्या शिरांचं, उग्र वासाचं, खारट चीज खायचे. आत्माराम बोटीवर नवा असताना एकदा ते चीज सडलं असं समजून त्यानं अख्खा गड्डा खिडकीतून समुद्रात फेकला होता आणि वर भांडंही घासून ठेवलं होतं. कप्तान पानावर बसून चीजची वाट बघत राहिला. कायताननं त्या दिवशी त्याला शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी समजावलं, की गोड वाईनला खारट लागतं, आणि थोडी घाण मारणारं असेल तर फारच उत्तम. आत्मारामनं हे पाठ केलं. पाठ केलेलं आणि कळलेलं यांत केवढं अंतर असतं ते पुढं दिसेलच.

आणि एक रीत होती. बाटली उघडली की आधी यजमानाच्या पेल्यात एकच घोट ओतायचा. मग वाढप्यानं डाव्या हातावर घडी केलेला नॅपकिन घेऊन खुर्चीच्या उजव्या बाजूला उभं राहायचं. साहेबाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. साहेब चव घेतो, दोन बोटं उचलतो, म्हणजे ठीक आहे, वाढ. एकतीस वर्षांत आत्मारामनं तो घोट किती वेळा ओतला असेल याचा हिशेब नाही. त्याच्यासाठी तो कोणी ओतला नव्हता, आणि याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. त्याचं मन दुसऱ्याच एका खुर्चीत अडकलं होतं.

दर अकरा महिन्यांनी तो सुटीवर यायचा. दमयंतीबरोबर त्याचा संसार असा तुकड्यातुकड्यांनी झाला. मूलबाळ नव्हतं. एका सुटीत त्यानं रत्नागिरीच्या सुताराकडून टेबल आणि दोन खुर्च्या करून आणल्या. गावात तेव्हा कोणाकडेही जेवायचं टेबल नव्हतं. त्या संध्याकाळी त्यानं तिला खुर्चीत बसवलं, पंच्याची घडी हातावर टाकली आणि तिच्या पेल्यात आमसुलाच्या सरबताचा एक घोट ओतून बाजूला उभा राहिला. आता चव घे आणि दोन बोटं उचल, म्हणाला. दमयंती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की सरबत तिच्या नाकात गेलं. बोटं काही तिनं उचलली नाहीत. त्यानं सांगितलं, मी कायमचा आलो की हे खरं करू. खरी वाईन, खरा पेला, तू बसायचं आणि मी वाढायचं.

त्यासाठी तो दर सुटीला एक बाटली आणू लागला. बहुतेक पोर्टच, कारण ती टिकते. पाच बाटल्या झाल्या. त्या त्यानं आपल्या पेटीत ठेवल्या आणि हात लावू नकोस म्हणून बजावलं.

आणखीही एक बजावलं होतं. मिठात मुरवलेला खारा बांगडा तिला जिवापाड आवडायचा. तो निखाऱ्यावर भाजला की वास तीन घरं जायचा. साहेबांच्यात राहून आत्मारामचं नाक शिष्ट झालेलं. मी घरी असेपर्यंत हा प्रकार चुलीवर नको, असं त्यानं पहिल्याच कुठल्यातरी सुटीत सांगितलं. तिनं त्याच्यासमोर पुन्हा कधी भाजला नाही. विषय तिथं संपला, असं त्याला वाटलं.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात बोट अँटवर्पला लागली असताना तार आली. दमयंती गेली होती, आणि सगळं उरकून चार दिवस झाले होते. तार दुपारी साडेचारला हातात पडली. सात वाजता तो सलूनमध्ये सहा जणांना सूप वाढत होता. ती आजारी होती हेच त्याला ठाऊक नव्हतं. तिनं कळवू दिलं नव्हतं. शेवटची खेप आहे, पुरी करून येऊ द्यात, मध्येच आले तर हक्काचे पैसे बुडतील, असं म्हणाली होती म्हणे.

पुढच्या मार्चात तो कायमचा घरी आला. पेटी उघडली तर बाटल्या नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात फळीवर होत्या, ओळीनं पाच. आत लाल काहीतरी होतं, म्हणून क्षणभर त्याला बरं वाटलं. पण तोंडाला चिंधीचे बोळे होते. बोळा काढून वास घेतला. कोकमाची आगळ होती, सोलकडीला लागते ती, मिठाची, घरी काढलेली.

आत्माराम त्या फळीसमोर किती वेळ उभा राहिला कोणास ठाऊक. त्याला एकच गोष्ट दिसत होती: बाईला आगळ भरायला बाटल्या हव्या होत्या, म्हणून तिनं आतलं ओतून दिलं. गावात बाटलीची किंमत असते, आतल्या पाण्याची नसते. आपण जन्मभर जे केलं ते हिच्या लेखी मोरीत ओतायचं होतं. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तो रागावला. पाचही बाटल्या त्यानं मागच्या दारी नेल्या आणि कपडे धुवायच्या धोंडीवर एकेक करून उपड्या केल्या. धोंड आठ दिवस लाल होती. या रागाबद्दल तो कोणाशी बोलला नाही, आणि ज्या रागाबद्दल बोलता येत नाही तो नीट मरतही नाही. दमयंतीची आठवण आली की तिच्या मागोमाग ती फळी यायचीच.

तरी त्यानं टेबल काढलं नाही. पणजीच्या गाडीचा ड्रायव्हर बाबू त्याच्या ओळखीचा होता. तो महिन्याला एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणून द्यायचा. गोव्याची लाल पोर्ट, सगळ्यांत स्वस्त. पेल्यात ओतली की पिकल्या जांभळाचा आणि काळ्या मनुकांचा वास यायचा. पहिला घोट गोड, दुसराही गोड, आणि तिसऱ्याला कंटाळा यायचा. ही एकटी बसू शकणारी नव्हती. हिला सोबत हवी होती, आणि ती शोधायचीच असं आत्मारामनं ठरवलं. माणसाला काहीतरी ठरवायला लागतं.

वहीत सगळं होतं. बांगड्याचं तिखलं: तोंडात गंजका खिळा. मटण: मसाल्यानं वाईन मारली. तळलेले फणसाचे गरे: बरे, पण दोघंही गोड, संसार होणार नाही. आंबोळी: काहीच नाही. रत्नागिरीच्या बाजारातून डब्यातलं चीज आणलं, ते साबणासारखं लागलं. प्रत्येक वेळी तो दोन ताटं मांडायचा, कारण टेबल एका ताटानं वाकडं दिसतं. समोरच्या खुर्चीत कोणी बसावं असं त्याला फार वाटायचं. कोणीतरी घोट घ्यावा आणि म्हणावं, हे जरा गोड झालं रे, किंवा, याला काहीतरी आंबट हवं होतं. एवढंच. एकदा त्यानं कचेरीतून निवृत्त झालेल्या विठूला बोलावलं. विठूनं पेला एका दमात रिकामा केला, मिशी पुसली आणि विचारलं, याला चढायला साधारण किती वेळ लागतो? पुन्हा त्यानं कोणाला बोलावलं नाही.

साडेपाचला आत्मारामनं कळशी वर ओढली. बाटली पुसून टेबलावर आणली. ऊन पडवीतून आत आलं होतं. त्यानं टेबलावर धुतलेली चादर अंथरली, दोन ताटं मांडली, दोन पेले उन्हात धरून डाग आहे का बघितलं. सुकी कोंबडी वाढून घेतली. घोट घेतला, कोंबडीचा तुकडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला आणि थोडा वेळ डोळे मिटून बसला. मग वही ओढून लिहिलं: सुकी कोंबडी, मिरी. एकमेकांना ओळखत नाहीत.

तेवढ्यात पडवीच्या पायरीवर जनी आली. हातात स्टीलची वाटी होती.

"भावजी, दोन चमचे द्याल काय?"

"काय?"

"ती लाल. राहीला. गोदूबाय सुईन म्हनाली, बाळंतिणीच्या अंगात रगत भरतं तेनं."

दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यानं मुकाट्यानं दिली असती. पण आज कोंबडी फसली होती, आणि फसलेल्या माणसाला समजावून सांगायची हौस फार. त्यानं जनीला उभ्या उभ्या सांगितलं की हे औषध नव्हे. ही वाईन आहे. ही चमच्यानं देत नाहीत, हिला पेला लागतो, वेळ लागतो, बरोबर काय खातो ते बघावं लागतं. तुम्हा लोकांना लाल दिसलं की एक तर दारू वाटते नाही तर टॉनिक. बोलता बोलता आवाज चढला हे त्याचं त्यालाही कळलं.

जनी सगळं ऐकून घेत होती. वाटी तिनं या हातातून त्या हातात घेतली.

"औषद नाय, तर मग अक्का कशाला घेत होती?"

"कोण अक्का?"

"आमची अक्का. ह्या घरातली. दुसरी कोन?"

आत्मारामनं वही मिटली. जनीच्या लक्षात आलं की आपण नको ते बोललो, आणि ती जायला वळली. त्यानं तिला थांबवलं. आवाज आता पार खाली आला होता. आत ये, बस, म्हणाला. खुर्ची पुढं केली. जनी खुर्चीकडे बघून उंबऱ्याशीच टेकली.

मग तिनं सांगितलं. तिलाही ते बरेच दिवस जड झालं असावं, कारण एकदा सुरुवात केल्यावर ती थांबली नाही. शेवटच्या वर्षात अक्काच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. रत्नागिरीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या पोटात ठरेनात. गोदूबाईनं लाल पोर्ट सांगितली. अक्का म्हणाली, ती तर माझ्या घरातच आहे. पेटी उघडताना मात्र तिनं खूप वेळ लावला, कारण हात लावायचा नाही असं सांगितलेलं होतं. मग रोज दिवेलागणीच्या आधी बाटलीच्या बुचानं मोजून दोन बुचं घ्यायची. पाच बाटल्या जवळजवळ पावसापर्यंत पुरल्या.

"पन चमच्यानं नाय घेतलीन कधी," जनी म्हणाली. "पेल्यात घ्यायची. ह्या टेबलावर बसायची, त्या खुर्चीत. मी म्हनायची, अक्का, औषदाला कशाला गो येवढा थाट? तर म्हनायची, ह्यांची वस्तू हाय, नीट बसून घ्यायला होयी."

आत्मारामनं समोरच्या खुर्चीकडे बघितलं.

"एकटीच बसायची?"

"मी असायची की हितं. उंबऱ्यात."

पहिले काही दिवस तिला ती गोडी सोसेना, असं जनीनं सांगितलं. आजारानं तोंडाला चव नव्हती, गोडानं मळमळायचं. गूळ, लिंबू, लोणचं, सगळं करून बघितलं. मग एक दिवस अक्कानं जनीकडून खारा बांगडा मागून घेतला. आत्माराम घरी नव्हता, तेव्हा घरात भाजायला हरकत नव्हती. निखाऱ्यावर भाजला, काटे काढले, नखाएवढा तुकडा तोंडात टाकला आणि वर एक घोट घेतला. आणि मग ती हसायला लागली. एवढी आजारी बाई, पण पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"मला म्हनाली, जने, जमला. ह्यांच्या सायबांना पन ठाव नसंल. मी म्हटला, मग लिही की भावजींना. तर नको म्हनाली. 'ते आले की मीच वाढीन. त्यांना खुर्चीत बसवीन नि मी उभी ऱ्हाईन.' मला शपत घातलीन. बाईमानसानं पेल्यातनं घेतली म्हनून गावात पन नाव नको. म्हनून गप होते इतकी वर्सं."

बाहेर अंगणात ऊन उतरलं होतं. राहीचं बाळ रडल्याचा आवाज आला, आणि थांबला.

"आणि आगळ?" आत्मारामनं विचारलं.

"ती तुमच्यासाठीच. बाटल्या रिकाम्या दिसल्या तर तुमाला वाईट वाटंल म्हनून. चूल फुकायची ताकद नव्हती, पन कोकमं फोडायला बसली. तुमाला सोलकडी लागते ना वो रोज. पाची बाटल्या भरलीन नि मग आडवी झाली ती झालीच."

आत्माराम टेबलावरची चादर हातानं सारखी करत राहिला. ती सारखीच होती.

"ती आगळ मी ओतली, जने. सगळी. धोंडीवर."

"मी बगितला होता," जनी म्हणाली. "धोंड लाल झाली होती. मला वाटला, तुमाला बगवत नसंल."

पावणेचार वर्षं तो एका बाईवर रागावून होता, की तिनं आपली वस्तू मोरीत ओतली. ओतली होती ती त्यानं. तिच्या हातची शेवटची गोष्ट, मरत्या बाईनं वाकून काढलेली, पाच बाटल्या, एक थेंब चाखून न बघता. वास घेऊन ओळखली आणि ओतली. चव घ्यायचं शिक्षण एकतीस वर्षं घेतलेल्या माणसानं बाटली उघडली आणि चव घेतली नाही. हे त्याला आता कोणाकडेही जाऊन सांगता येणार नव्हतं, आणि जिची माफी मागायची ती ज्या खुर्चीत बसायची, ती खुर्ची समोर रिकामी होती. त्याला रडू आलं. जनी उठून दुसरीकडे बघत उभी राहिली.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुझ्याकडे खारा बांगडा आहे काय गो?"

"हाय. पन तुमच्या घरात..."

"आण एक."

जनीनं मडक्यातला एक बांगडा आणला, मीठ झटकून पाण्यातून काढला. चूल आत्मारामनंच पेटवली. निखारे पडल्यावर बांगडा वर ठेवला आणि घरात वास सुटला. वास स्वयंपाकघरातून माजघरात आला, माजघरातून पडवीत, आणि तिथून बाहेर. रस्त्यानं जाणारं कोणीतरी थांबलं असावं. आत्मारामनं खिडकी लावली नाही. काटे काढताना त्याची बोटं भाजली. मग त्यानं चुलीपाशीच, उकिडवं बसून, नखाएवढा तुकडा तोंडात टाकला आणि वर घोट घेतला.

आधी नुसतं मीठ आलं, जळकं, उग्र, जिभेला आवळून धरणारं. त्यावर लालची गोडी आली, आणि एवढे दिवस जी चिकट वाटायची ती आता मिठाला धरून उभी राहिली. जांभळाचा वास मोठा झाला. मीठ मागं सरलं, गोडी मागं सरली, आणि शेवटी तोंडात जे उरलं ते दोघांचंही नव्हतं आणि चांगलं होतं. त्याला निळ्या शिरांचं ते चीज आठवलं. गोडाला खारट, आणि थोडी घाण मारणारं. कायतानचं वाक्य तोंडपाठ असलेला माणूस पावणेचार वर्षं कोंबड्या शिजवत बसला होता, आणि ज्या बाईनं कायतानचं नावही धड उच्चारलं नव्हतं तिनं हे तोंडाला चव नसताना शोधलं होतं. त्याच्या घरात, त्यानं बंदी घातलेल्या माशातून.

त्यानं एक घोटभर लाल दुसऱ्या पेल्यात काढून ठेवली. उरलेली बाटली, पाऊण भरलेली, बूच घट्ट लावून जनीच्या हातात दिली. जनी सगळी नको म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. सगळी राहीला, रोज दोन बुचं, असं त्यानं सांगितलं.

"आणि चमच्यानं नको देऊ. पेल्यात दे. बरोबर ह्यातला तुकडा दे, एवढासाच. गोडी सोसंल तिला."

अर्धा बांगडा त्यानं जनीच्या वाटीत ठेवला. जनी वाटी पदराखाली धरून विहिरीच्या वाटेनं गेली.

राहीला देऊन झाल्यावर वाटी धुऊन जनी परत आली, तेव्हा दिवेलागण व्हायला थोडा अवकाश होता. पडवीच्या पायरीवरून तिला टेबल दिसलं. कोंबडीचं ताट तिथं नव्हतं. समोरच्या खुर्चीपुढं एक बशी होती, बशीत काटे काढलेला बांगडा होता आणि बाजूला पेला, त्यात तळाशी घोटभर लाल. खुर्ची टेबलापासून थोडी मागं ओढलेली होती, बसायला माणूस आला म्हणजे ओढतात तेवढी. आत्मारामनं सदरा बदलला होता. डाव्या हातावर पंच्याची घडी घेऊन तो खुर्चीच्या उजव्या बाजूला ताठ उभा होता आणि टेबलाच्या कडेकडे, जिथं बसलेल्या माणसाचा हात येतो तिथं, बघत होता.

जनी हाक मारणार होती, पण तिनं मारली नाही. वाटी तिनं आवाज न करता पायरीवर ठेवली आणि ती घरी गेली.